स्वस्तात घेतले, उघडलेच नाही

बुऱ्हाणपूर हे कापडाचे गाव. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या वाटेने गेला, तेव्हा इथली झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते अशी नोंद त्याने करून ठेवली. आज तापीकाठच्या या शहरात यंत्रमाग खडखडतात, आजूबाजूच्या शिवारात केळी पिकते, आणि पोलंडचा माल आता इकडे येतो. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने मे २०१५ मध्ये आणलेला ‘द विचर ३’ हा व्हिडिओ गेम इथला एखादा मुलगा सेलच्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या विकत घेतो. मलमल घेणारा व्यापारी ठाण उलगडून बघायचा, पोत बोटांत धरायचा, घासाघीस करायचा आणि मगच सौदा पक्का करायचा. गेमच्या सौद्यात हाताळण्यासारखे काही नसते. काट मारलेली जुनी किंमत, शेजारी हिरव्या चौकोनात सवलतीची टक्केवारी आणि खाली ‘कार्टमध्ये टाका’ एवढेच समोर असते. पिन टाकला की गेम आपला.

आणि पुढे पुष्कळ वेळा काहीच होत नाही. तो गेम उघडलाच जात नाही.

इंदूरला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने मला त्याची ‘स्टीम’वरची लायब्ररी दाखवली. स्टीम हे वॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे, संगणकावरचे गेम विकणारे जगातले सर्वात मोठे दुकान. डाव्या बाजूला घेतलेल्या गेमची लांबलचक यादी होती. लॅपटॉपवर उतरवून घेतलेल्यांची नावे ठळक दिसतात, बाकीची करडी. त्याची यादी जवळजवळ सगळी करडी होती. एकेका नावावर गेलो की तो गेम किती वेळ खेळला गेला ते दिसते. एकावर अकरा मिनिटे, दुसऱ्यावर पाऊण तास. बऱ्याच नावांपुढे वेळच नव्हता.

“मामा, हा नव्वद टक्के ऑफमध्ये मिळाला होता,” तो एका नावावर बोट ठेवून म्हणाला.

“मग कसा आहे?”

“खेळायचाय अजून. सबमिशन आटोपली की बघतो.” थोडा वेळ तो यादी खालीवर सरकवत राहिला. मग म्हणाला, “खरं सांगू का मामा, यातले निम्मे मी का घेतले तेच आता आठवत नाही.”

त्याच्या बोलण्यात पैसे बुडाल्याचे दुःख फारसे नव्हते. एकेक गेम दीड-दोनशे रुपयांचा, पण सगळे मिळून आकडा बराच झाला होता आणि पैसे घरून येतात याची त्याला जाणीव होती. तरी जास्त जाणवत होती ती चुटपुट. हौसेने घेतले आणि हात लावला नाही, याची. ही चुटपुट त्याच्या एकट्याची नाही. २०१४ साली आर्स टेक्निका या अमेरिकन संकेतस्थळाने स्टीमवरच्या खात्यांचे नमुने घेऊन हिशेब मांडला. खात्यांवर नोंदलेल्या सुमारे ७८ कोटी गेमपैकी ३७ टक्के गेम एकदाही सुरू केलेले नव्हते. तेव्हा भारतात स्टीमवर रुपयांत किमतीसुद्धा आल्या नव्हत्या. त्या आल्या नोव्हेंबर २०१५ मध्ये. पुढच्याच वर्षी यूपीआय आले. डॉलरमधली किंमत आणि परदेशी व्यवहार चालणारे कार्ड, हे दोन उंबरठे एका पाठोपाठ एक गेले आणि बुऱ्हाणपूर, शहापूर, रावेरची मुलेही या बाजारात सहज शिरू लागली.

विकणाऱ्याला इतकी सवलत परवडते कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. कापड दुकानदार सेल लावतो तो पडून राहिलेला माल काढण्यासाठी. खरेदीच्या भावाखाली तो फार जाऊ शकत नाही, आणि चांगले नग खरोखर संपतात. गेमचा खर्च मात्र तो तयार होईपर्यंतचा. शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत त्यात जाते. पण एकदा तयार झाला की पहिली प्रत आणि दहा लाखावी प्रत यांत विकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे किंमत जिन्यासारखी उतरवता येते. ज्याला पहिल्या दिवशीच खेळायचा आहे तो पूर्ण किंमत देतो, सहा महिने थांबणारा अर्धी देतो आणि ज्याला मुळात तो गेम नकोच होता तो तीन-चार वर्षांनी ९० टक्के सवलतीत घेऊन टाकतो. या शेवटच्या माणसाचे पैसे विकणाऱ्यासाठी जवळपास निव्वळ कमाई असतात. सवलतीचा सगळा खटाटोप त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी असतो.

वॉल्व्हचे सहसंस्थापक गेब न्यूएल यांनी २००९ साली लास वेगासच्या एका परिषदेत आपल्या दुकानाचे आकडे उघड सांगितले होते. १० टक्के सवलत दिली तर विक्रीची रक्कम ३५ टक्क्यांनी वाढली, २५ टक्क्यांना २४५, ५० टक्क्यांना ३२० आणि ७५ टक्के सवलत दिल्यावर १,४७० टक्क्यांनी. ही वाढ विकलेल्या प्रतींची नव्हे, गल्ल्यात आलेल्या पैशांची होती. किंमत चौथाई केली आणि गल्ला पंधरापटीहून जास्त झाला, असा त्याचा अर्थ. एवढे गिऱ्हाईक काही त्या आठवड्यात अचानक त्या गेमच्या प्रेमात पडलेले नसते. ते सवलतीमुळे आलेले असते.

आता घेणाऱ्याच्या मनाकडे वळू. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली एका निबंधात एक साधी गोष्ट नेमकी मांडली. वर्तनाच्या अर्थशास्त्रातल्या कामासाठी त्याला २०१७ चे नोबेल मिळाले. खरेदीत माणसाला दोन वेगवेगळी समाधाने मिळतात, असे त्याचे म्हणणे. एक वस्तू मिळाल्याचे. दुसरे सौदा चांगला झाल्याचे, म्हणजे जी किंमत रास्त वाटत होती तिच्यापेक्षा कमी मोजल्याचे. ही दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसतात. वस्तू मनाजोगती असून सौदा महाग पडला तर घास अडकल्यासारखे होते. उलट, वस्तू नकोशी असली तरी सौदा झकास झाला तर तेवढ्यावरही माणूस खूश होतो.

समजा ३,००० रुपयांचा गेम ७५० ला आहे. भाच्याच्या डोक्यात त्या क्षणी ‘२,२५० वाचले’ हा हिशेब होतो. प्रत्यक्षात त्याच्या खात्यातून ७५० गेलेले असतात आणि ते २,२५० त्याच्याकडे कधीच नव्हते. पण सौद्याचा आनंद खरा असतो, हे मान्य केले पाहिजे. तो खोटा ठरवून मुलांना टोमणे मारण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की हा आनंद पिन टाकताच पूर्ण होतो. त्याला गेम खेळण्याची गरजच उरत नाही. म्हणून सेल संपल्यावर यादीतली ती नावे परकी वाटतात. ज्यासाठी ती घेतली होती ते पदरात केव्हाच पडून गेलेले असते.

सवलतीत घेतलेली वस्तू वापरली कमी जाते, यालाही पुरावा आहे, आणि या विषयावर वाचलेल्या सगळ्यात मला तोच सर्वात बोलका वाटतो. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटे विकली जात. हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी तिकीटखिडकीवर आलेल्या साठ प्रेक्षकांचे चिठ्ठी टाकावी तसे तीन गट केले. काहींना तिकीट पूर्ण १५ डॉलरला मिळाले, काहींना २ डॉलर सूट, काहींना ७ डॉलर. नाटके तीच, खुर्च्या त्याच, आणि सूट मिळेल हे कोणालाच आधी माहीत नव्हते. पुढे कोण किती नाटकांना आले हे तिकिटांवरून मोजले. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेले लोक सूट मिळालेल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. उत्तरार्धात हा फरक मावळला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ‘पैसे गेलेच आहेत, तर वसूल करू’ या वृत्तीबद्दल आहे. उलट बाजूने पाहिला तर त्यात आपल्या विषयाची किल्ली आहे. ज्याला कमी पैसे पडले, त्याला ते वसूल करण्याची निकड कमी वाटली. गेम ९० टक्के सवलतीत घेतला की ‘उद्या बघू’ म्हणायला मन आपोआप मोकळे होते.

मग मन आधीच सावध का होत नाही? कारण सेलच्या पानासमोर बसल्यावर दोन हळहळींची तुलना चालू असते आणि विकणारा त्यातली एकच आपल्यापुढे मांडतो. घेतला आणि खेळला नाही तर होणारी हळहळ दूरची, अंधूक असते. घेतला नाही आणि सवलत संपली तर होणारी हळहळ मात्र पानावर घड्याळ लावून दाखवलेली असते. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. तिथे तुमच्या गल्लीचा पिनकोड लागला की तिकीट घेतलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना पैसे मिळतात आणि न घेतलेल्याला आपले नेमके किती हुकले ते डोळ्यांनी बघावे लागते. मार्सेल झीलेनबर्ग आणि रिक पीटर्स या डच संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले की या लॉटरीत लोकांना तिकीट घ्यायला लावण्यात त्या पुढच्या हळहळीच्या धास्तीचा मोठा हात असतो. ‘सेल संपायला ५ तास’ ही ओळ तेच काम करते.

ही धास्ती कितपत खरी, हे तपासून बघता येते. स्टीमचा मोठा उन्हाळी सेल दरवर्षी जूनच्या शेवटी सुरू होतो, हिवाळी डिसेंबरच्या उत्तरार्धात, आणि मधे वसंत व शरद ऋतूंचे सेल असतात. शिवाय प्रकाशकांचे आपापले आठवडे निराळेच. एकदा ७५ टक्क्यांवर उतरलेला गेम पुढच्या सेलमध्ये सहसा पुन्हा तिथेच किंवा त्याखाली येतो, कारण तो जिना वर चढत नाही. स्टीमडीबीसारख्या संकेतस्थळांवर प्रत्येक गेमच्या किमतीचा इतिहास आलेखात दिसतो. तो एकदा डोळ्यांखालून घातला की ‘आता नाही तर कधीच नाही’ हे भूत उतरते. २०१५ च्या उन्हाळ्यापर्यंत स्टीमवर दर काही तासांनी बदलणाऱ्या झटपट सवलती असायच्या. लोक रात्री गजर लावून उठत. त्या वर्षीच्या शरद सेलपासून वॉल्व्हने त्या बंद केल्या. आता सेलच्या पहिल्या दिवशी जी किंमत असते तीच सहसा शेवटच्या दिवशीही असते. त्यामुळे पहिल्या रात्री घाई करण्याला कसलेच कारण उरलेले नाही.

स्टीमचा आणखी एक नियम गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे: गेमची किंमत वाढवली तर पुढचे ३० दिवस त्यावर सवलत दाखवता येत नाही. किंमत फुगवून मग काट मारण्याची जुनी दुकानदारी त्यामुळे इथे अवघड होते. युरोपीय संघात तर मे २०२२ पासून कायदाच आहे की सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवली पाहिजे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ग्राहकाला भुलवणारे तेरा प्रकार त्यात नोंदले आहेत. त्यातला पहिलाच प्रकार खोटी घाई दाखवण्याचा: साठा संपत नसताना ‘शेवटचे दोनच’ म्हणणे, मुदत नसताना मुदत दाखवणे. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला खजील करणारी बटणे लावणे हेही त्यात येते. असे काही दिसले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र खरोखरची मुदत असलेला खरा सेल या तत्त्वांत बसत नाही. तिथे कायदा आपल्याला आवरायला येणार नाही.

इथे एक घोळ टाळला पाहिजे. घरातल्या वडीलधाऱ्यांना गेमवर पैसे घालणे आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणे हे एकच वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा या खरेदीशी संबंध नाही. विकत घेतलेला कथाप्रधान गेम हा पुस्तक किंवा सिनेमासारखा. त्यात जिंकायला-हरायला पैसे नसतात. मुलाच्या लॅपटॉपवर स्टीम दिसले म्हणून आईवडिलांनी जुगाराच्या धास्तीने आरडाओरडा करू नये. बोलायचे तर न उघडलेल्या यादीबद्दल बोलावे.

आता पश्चात्ताप झालाच तर काय, याकडे येऊ. आवडली नाही तर साडी नणंदेला देता येते, पुस्तक रद्दीत तरी जाते. डिजिटल गेमला हे मार्ग नाहीत. तो दुसऱ्याला विकता येत नाही. फ्रान्समधल्या यूएफसी-क श्वाझीर या ग्राहक संघटनेने यासाठी वॉल्व्हला कोर्टात खेचले. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने गिऱ्हाइकाला पुनर्विक्रीचा हक्क आहे असा निकाल दिला, पण २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. मुळात आपण गेमचे मालक होतच नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. यूबीसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेला तो गेम लोकांच्या घरी असूनही चालेनासा झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यांवर बंधन घातले की फक्त परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा, नुसते ‘विकत घ्या’ म्हणू नका. न खेळता वर्षानुवर्षे जमवून ठेवण्याचा बेत म्हणूनच कच्चा आहे. ज्या गेमला सर्व्हर लागतो तो निवृत्तीनंतरच्या निवांत दिवसांपर्यंत टिकेल याची हमी कोणीच देत नाही.

राहतो तो परताव्याचा मार्ग. तो अनेकांना माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि तो दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. कारण काहीही चालते: लॅपटॉपवर चालत नाही, आवडला नाही, किंवा चुकून घेतला. स्टीमच्या सपोर्ट पानावर आपल्या खरेद्यांची यादी असते, त्यातला गेम निवडून परतावा मागायचा. मंजुरी मिळाली की साधारण आठवड्याभरात पैसे निघतात. ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत करता आले नाहीत तर ते स्टीमच्या वॉलेटमध्ये जमा होतात. अनेक गेमचा गठ्ठा घेतला असेल तर त्यातल्या सगळ्या गेमचे तास एकत्र धरले जातात. आगाऊ नोंदवलेला गेम बाजारात येईपर्यंत कधीही रद्द करता येतो. आणि गेम घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सेल लागला, तर परत करून सवलतीत पुन्हा घेणे हा गैरवापर मानला जात नाही, असे त्यांच्या नियमांतच लिहिले आहे.

हा नियम सुरुवातीपासून नव्हता. स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले आणि जवळजवळ बारा वर्षे तिथे सरसकट परतावा नव्हताच. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये वॉल्व्हवर खटला भरला. तो चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, आजचा नियम जाहीर झाला. मार्च २०१६ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने वॉल्व्हने ग्राहक कायद्याचा भंग केल्याचा निकाल दिला आणि वर्षाअखेरीस ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. बुऱ्हाणपुरातला मुलगा आज जो हक्क वापरू शकतो त्यामागच्या घडामोडींत सिडनी-मेलबर्नच्या गिऱ्हाइकांचाही वाटा आहे.

सगळीकडे नियम असेच नाहीत. एपिकच्या दुकानातही बहुतेक गेमना १४ दिवस आणि दोन तासांचीच मुदत आहे. पोलंडचेच असलेले जीओजी हे दुकान, गेम खेळलेला असला तरी, ३० दिवसांपर्यंत परतावा देते. प्लेस्टेशनवर मात्र १४ दिवसांची मुदत असली तरी गेम उतरवायला सुरुवात केली की हक्क सहसा संपतो, आणि निन्टेन्डोच्या दुकानात डिजिटल खरेदी साधारणपणे अखेरचीच समजावी. मोबाइलवर गूगल प्लेचा नियम मुख्यतः पहिल्या ४८ तासांचा आहे.

दोन तासांच्या मर्यादेत एक खाच आहे. मोठ्या गेममध्ये पहिले दोन तास ओळखीतच जातात: पात्राचा चेहरा निवडा, बटणे शिका, लांबलचक प्रस्तावना बघा. गेम खरा कसा आहे हे कळेपर्यंत मुदत टळलेली असते. म्हणून पहिल्यांदा बसताना घड्याळाकडे लक्ष ठेवून बसावे, आणि मुख्य म्हणजे गेम घेतल्या-घेतल्या बसावे. पुढच्या सुट्टीसाठी म्हणून राखून ठेवलेल्या गेमची १४ दिवसांची मुदत तो राखून ठेवण्यातच संपते. अनेकांचा परताव्याचा हक्क असाच, न खेळता बुडतो.

खरी टंचाई तासांची आहे, आणि सेलच्या पानावर तिचा उल्लेख कुठेच नसतो. ‘द विचर ३’ची नुसती मुख्य कथा पुरी करायला पन्नासेक तास लागतात. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस धरले तरी हा एकच गेम अडीच महिने खातो. सेमिस्टरच्या परीक्षा, सबमिशन, सणवार वगळून विद्यार्थ्याकडे वर्षात असे किती अडीच महिने असतात? दोन, फार तर तीन. तेवढेच मोठे गेम त्याच्या वर्षात मावतात. त्यात जागेचा प्रश्न निराळा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला १५० जीबी जागा मोकळी हवी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे. ऑफिसकामाच्या साध्या लॅपटॉपवर तो सुरूच होत नाही. गेमच्या पानावर तळाशी ‘किमान आवश्यकता’ लिहिलेली असते. सवलतीच्या भरात तिथपर्यंत कोणी खाली सरकतच नाही.

न उघडलेल्या या यादीत अनेकदा उत्तम कामे पडलेली असतात, याचे मला जास्त वाईट वाटते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम केला. तो ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर आला. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी वास्तूंचे सज्जे आणि जाळ्या, आपल्या पुराणांतले देव हे सारे त्यात आहे. तो पाच-सहा तासांत पुरा होतो. म्हणजे एका शनिवार-रविवारचे काम. भाच्याच्या यादीत तोही होता, करडाच. पुण्याच्या मुलांनी काही वर्षे खपून केलेला गेम आपल्या माणसाने सवलतीत घ्यावा आणि उघडूही नये, हे मला लागले. मी त्याला तो माझ्यासमोर सुरू करायला लावला. भाऊबीजेच्या दुपारी माझी मुलगीही त्याच्या शेजारी येऊन बसली आणि दोघांनी आळीपाळीने तो बराच पुढे नेला.

घरात एकापेक्षा जास्त मुले असतील तर याचीही सोय आहे. सप्टेंबर २०२४ पासून स्टीमवर एका घरातल्या सहा जणांना आपापल्या लायब्ऱ्या एकत्र जोडता येतात. दादाने घेतलेला आणि न खेळलेला गेम धाकटी बहीण आपल्या खात्यातून खेळू शकते. घेतलेल्या प्रतीचे चीज तरी होते.

थांबायचे कसे, तर बाजाराने दिलेलीच साधने आपल्या बाजूने वापरावीत. आवडलेला गेम कार्टमध्ये न टाकता विशलिस्टमध्ये टाकावा आणि सेलच्या शेवटच्या दिवशी ती यादी पुन्हा उघडावी. किंमत तीच असते, ओढ मात्र ओसरलेली असू शकते. त्या दिवशीही तो गेम हवा वाटला, लॅपटॉपवर चालणार असला आणि येत्या आठवड्यात सुरू करायला वेळ असला, तर खुशाल घ्यावा. असा घेतलेला गेम पूर्ण किमतीला पडला तरी तो खेळला जातो, आणि माझ्या मते ९० टक्के सवलतीतल्या पाच करड्या नावांपेक्षा तोच स्वस्त. कार्डाचे तपशील दुकानात साठवून ठेवू नयेत. दर वेळी ते नव्याने भरताना जो मिनिटभर जातो, तेवढ्यात पुष्कळ मोह विरतात. मुलांच्या हातात आपला फोन असेल तर प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल अशी सेटिंग करून ठेवावी.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात स्टीमचे खाते आहे, त्यांनी लेख बाजूला ठेवून आधी खरेदीची यादी उघडावी. गेल्या १४ दिवसांत घेतलेला आणि एक तासही न खेळलेला गेम त्यात असेल, तर आज रात्री एक तास तो लावून बघा. मन रमले तर ठेवा. नाही रमले तर झोपण्यापूर्वीच परताव्याचा अर्ज करा.